पागोट्यासमोरचा निकाल

बंदर,
१८ नोव्हेंबर २०२३

रंजू,

जय सेवालाल. तुले वाटन, फोन सोडून या माणसाले कागद काळे करायचं भूत कुठून चढलं. इथं नाक्यानाक्यावर फोन हिसकून घेतात आन् आतलं सगळं पाह्यतात. म्हणून हे पत्र गुजरातच्या लाकडी जहाजाच्या तांडेलाजवळ देऊन राह्यलो. तो कच्छात उतरला की टपालात टाकन. देशाचं नाव लिहीत नाही, तुले ठाऊकच आहे.

आमची कंपनी पळाली. वीजघराचं काम अर्धं टाकून, जेवणाची ताटं तशीच ठेवून साहेब लोक बोटीत बसले. आमी वायरमन, फिटर, मजूर राह्यलो मागं. राजधानीत सरकार नाही. गावात तीन टोळ्या, तिघींचे तीन झेंडे. सकाळी जो झेंडा दिसते त्याले सलाम ठोकाचा आन् पुढं जाचं.

तांडेल आमाले न्यायले तयार आहे. पण पासपोर्टवर इथल्या बंदर कचेरीचा सुटकेचा शिक्का पाह्यजे, नाही तर पुढच्या बंदरात उतरू देत नाहीत आन् त्याचं जहाज अटकून पडते. कचेरीत एकच म्हातारा कारकून उरला, आमी त्याले चाचा म्हणतो. पगार बंद, तरी रोज येते, टेबल पुसते, बसते. मी कचेरीचं जनरेटर चालवतो, त्याचा पंखा फिरते, म्हणून माह्यावर त्याची माया. शिक्का त्याच्या टेबलात आहे. पण मारत नाही. म्हणते, ना साहेब, ना मंत्री, मी कोणाच्या नावानं मारू?

तू एवढी शिकली, तू सांग. जिथं सरकारच नाही, तो देश कायद्यानं देश राह्यते का? आन् मंग शिक्का कोणाचा?

सुकेशनीले म्हणा, मी बरा आहे. वैष्णवीले शाळेत धाडा, माह्या लेकीले ऊसतोडीले कोणी नेऊ नका. बाले खोकल्याचं औषध द्या.

तुहा,
बादल

•

वाशीम,
९ डिसेंबर २०२३

बादलदादा,

तुझं पत्र कोर्टात असतानाच मिळालं आणि मी अशिलाला तसंच उभं ठेवून वाचलं. अरे, आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम केल्यापासून माझ्या विषयाचं विचारणारा तू पहिला! नाही तर मी इथं काय करते? शेताच्या धुऱ्याची भांडणं. याने माझा लिंब तोडला, त्याने माझा नाला बुजवला. आज मात्र तू मला खरी वकील केलंस, तेव्हा आता सगळं ऐकून घे.

राज्य व्हायला चार गोष्टी लागतात: जमीन, माणसं, सरकार आणि दुसऱ्या राज्यांशी व्यवहार करायची ताकद. पण एकदा झालेलं राज्य, सरकार कोसळलं म्हणून मरत नाही. पेपरवाले 'अपयशी राज्य' म्हणतात, कायद्यात असा वेगळा दर्जाच नाही. संयुक्त राष्ट्रांत त्याची खुर्ची तशीच, केलेले करार तसेच, सीमा तशाच. राज्य जिवंत आहे, फक्त त्याच्या वतीने बोलणारं तोंड नाही. शिक्का त्या राज्याचा. चाचा नाही म्हणतात ते बरोबरच आहे.

आणि एक गंमत सांगते. बेकायदा राजवटीनं केलेल्या जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या नोंदी मात्र जग मानतं. आफ्रिकेतल्या एका प्रकरणात जागतिक न्यायालयानं तसं सांगितलंय. कारण त्या मानल्या नाहीत तर राजवटीचं काही बिघडत नाही, गरीब माणसाचं बिघडतं. मला हे फार आवडतं, दादा. पुस्तकात इतकं माणसासारखं क्वचित लिहिलेलं असतं.

तांडा निम्मा रिकामा आहे, दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला गेल्या. काकांना खोकल्याचं औषध देतो, पण ते खाटेवरच असतात. परवा पंचांची नसाब बसली, गावकीचं कसलंसं भांडण होतं, पण त्यांना उठवेना. मग लखीराम कारभाऱ्यानं नेहमीसारखं काकांचं नायकीचं पागोटं बैठकीतल्या खाटेवर ठेवलं आणि त्यासमोर निकाल दिला. झाल्यावर मला हळूच विचारतो, "बादल येते ना वं? नाई तर पागोटं कोणाच्या डोक्यावर ठेवाचं?" मी म्हटलं, येतो म्हणजे येतो. मला खोटं पाडू नकोस.

रंजीता

•

बंदर,
१६ फेब्रुवारी २०२४

रंजू,

हे पत्र गणेश आणून देईन. तो आपल्या इकडचाच, मेडशीचा पोट्टा. तुह्यापुढं उभा राह्यला तर समजून घे, माह्या शिक्क्यानं सुटलेला माणूस पाहून राह्यली.

हो, माह्या शिक्क्यानं. चाचा गेला. खुर्चीतच गेला, पंखा चालू होता. त्याच्या घरचे कोणी नव्हते, आमीच मूठमाती दिली. टेबलाची चावी त्यानं आधीच माह्या हाती ठेवली होती. मी दोन-चार दिवस कुलूप लावून बसलो. मंग एक बाई आली, कडेवर लेकरू. जन्माची नोंद पाह्यजे, त्याबिगर छावणीत दूध भेटत नाही. मी म्हटलं, माय, मी वायरमन आहे. तिथंच पायरीवर बसून राह्यली. तिले उठवाची माह्यात हिंमत झाली नाही.

तवा मले बाचं पागोटं आठवलं. बा पोहरादेवीले जायचे, लग्नाले जायचे, तांड्याचं काम कधी अडलं का? पागोटं खाटेवर, निकाल त्याच्यासमोर. माणूस नसला तरी नायकी राह्यते. तूच लिहिलं ना, राज्य जित्तं आहे, फकस्त तोंड नाही? मी चाचाची टोपी खुर्चीवर ठेवली, शिक्का टेबलावर ठेवला आन् बाजूले उभं राहून नोंद केली. खुर्चीत बसलो नाही, देवाची आण. दुसऱ्या दिवशी एक लगन आलं. मंग आपले पोट्टे आले, पासपोर्ट घेऊन, त्याइच्यामागं इथलेबी काही आले.

सगळे गेले आता, रंजू. झारखंडचे, बिहारचे, गणेश, सगळे. इथं एकटाच आहो. तू विचारशील, मी काहून नाही गेलो. माह्या पासपोर्टवर शिक्का कोण मारन? आपल्या तांड्यात नायक स्वतःच्या गोठीत निकाल देत नाही. आपल्याच घरच्या वावराचं भांडण होतं तवा बानं दुसऱ्या तांड्याचा नायक बोलावला होता, याद कर. आता मीच मारला तर आधीचे सारे शिक्के खोटे पडतात. लोक म्हणतीन, हा तर स्वतःसाठीच बसला होता.

कोणी ना कोणी येईनच वरून. तवर पायरीवरच्या बायांचं पाह्यतो.

बादल

•

वाशीम,
११ मार्च २०२४

बादल,

दादा म्हणायचंही मनात नाही आज. काय करून ठेवलंस हे? मी जन्म, मृत्यू आणि लग्न असं लिहिलं होतं. देशाबाहेर सोडायचं लिहिलं होतं का? कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर जाऊ द्यायचं, हा राज्याचा खास हक्क. त्याला हात लावायचा नसतो. मी तुला पुस्तकातली गंमत सांगितली आणि तू तिच्यावर कचेरी थाटलीस!

आणि ही नायकाची गोष्ट मला सांगू नकोस. तो तांडा आहे, हा देश आहे. तुझ्या पासपोर्टवर उलटा-सुलटा, कसाही शिक्का मार आणि पुढच्या जहाजात बस. सुकेशनीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती, हात न थांबवता म्हणाली, "त्याले लिहा, पागोटं गेलं चुलीत, तू घरी ये." एवढंच म्हणाली आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं.

गणेश आला होता. पोरगं तुझं नाव निघालं की रडतं. त्याच्या आईने तुझ्यासाठी पोहरादेवीला नवस बोललाय. मला त्याच्याकडे बघवेना. त्याला सोडवणारा तू तिथे आणि तुला सोडवणारं कोणी नाही.

काका बरे आहेत. खोकला कमी आहे. त्यांची काळजी करू नकोस, फक्त ये.

रंजीता

•

बंदर,
२२ मे २०२४

रंजू,

पावसाळ्याआधीचं हे शेवटलं जहाज. आता दर्या बंद होईन, म्हणून घाईत लिहितो.

बा गेले. गणेशनं मागच्या जहाजात चिठ्ठी धाडली. तू लिहिलं 'बरे आहेत', तवा त्यांचं सगळं उरकलंही होतं. तुह्यावर राग आला होता, जेवण गेलं नाही दिवसभर. मंग समजलं. बा गेले म्हणजे पागोटं माह्यावर आलं, आन् हे कळलं तर हा गडी आणखीनच हटून बसन, असं तुले वाटलं. बरोबरच वाटलं तुले. मी खरंच तसा आहो.

पण आता रडू नको, चांगली गोठ सांगतो. राजधानीत सरकार आलं! बाहेरच्या देशांनी त्याले मान्यता देली, तिकडं वकिलाती उघडून राह्यल्या. मागच्या हप्त्यात त्यांचा एक माणूस कचेरीत आला. काळा कोट, बूट चकचकीत. आन् नवल पाह्य, मले मराठीत म्हणते, "चहा घेऊ या का?" पुण्यात लॉ शिकला तो! मराठी वाचतेबी. मले तर वाटलं गावचंच कोणी भेटलं.

त्यानं सगळं पाह्यलं. नोंदी पाह्यल्या, फोटो काढले. म्हणला, तुम्ही नसता तर बंदर बंद पडलं असतं, राज्य तुमचं आभारी आहे. मले विचारलं, हे करायचं तुम्हांला कसं सुचलं? मी तुहं डिसेंबरचं पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. 'राज्य जिवंत आहे' तिथं बोट ठेवून म्हणला, वा, तुमची बहीण फार हुशार आहे. त्याचा फोटोबी घेतला.

मंग मी जराक हिंमत केली. म्हटलं, साहेब, मी माहा निकाल देऊ शकत नाही, तुमी दुसऱ्या तांड्याचे नायक समजा. माह्या पासपोर्टवर तुमीच शिक्का मारा. तो हसला. म्हणला, नक्की करतो, पासपोर्ट ठेवून जा. देला.

चावी त्याच्याजवळ, शिक्काबी त्याच्याजवळ आता. मी पहिल्यांदा हलका झालो. दोन माणसं कचेरीच्या दारात ठेवलीत, माह्या रक्षणाले म्हणते. मी जिथं जातो तिथं येतात. पाऊस सरला की पहिल्याच जहाजानं येतो. वैष्णवीले काय आणू ते लिही. बाचं पागोटं उंदरापासून सांभाळ.

बादल

•

वाशीम,
२० जून २०२४

दादा,

हे पत्र आज जाणार नाही हे मला माहीत आहे. ऑगस्टनंतर जहाजं सुटतील तेव्हा गणेश कच्छात जाऊन तांडेलाच्या हातात देईल. तोवर हे माझ्याजवळ पडून राहील आणि तू तिथे त्या दोन रक्षकांबरोबर फिरशील. तरी लिहिते, कारण नाही लिहिलं तर मला वेड लागेल.

पासपोर्ट द्यायला नको होता रे. आता जे लिहिते ते मी डिसेंबरमध्येच लिहायला हवं होतं. तेव्हा मला माझ्या हुशारीचंच कौतुक. राज्य मरत नाही म्हणजे काय? जे सरकार आज आलं ते नवं राज्य नाही, जुनंच आहे. मधल्या काळात त्याला तोंड नव्हतं, पण त्याचे कायदे होते. त्याच्या तुरुंगाचे नियम होते. त्यानं कोणाला भाकर दिली नाही, औषध दिलं नाही, तुमचं रक्षण केलं नाही. ते करायला सरकार लागतं. पण गुन्हा तेव्हाही गुन्हाच होता, आणि आता शिक्षा करणारं आलंय. दादा, टोळ्यांना तुझं काही वाटलं नव्हतं. ज्याला खरा हक्क आहे त्याची भीती बाळगायची होती, आणि तू त्यालाच दुसऱ्या तांड्याचा नायक केलंस!

तुला तिथून काढा म्हणून दिल्लीला अर्ज केला. तिथली आपली वकिलात अजून उघडली नाही, शेजारच्या देशातून कारभार बघतात. फोनवर एक साहेब फार सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, ते सार्वभौम राष्ट्र आहे, आपण त्यांच्या कारभारात हस्तक्षेप करू शकत नाही." मी म्हटलं, मागच्या वर्षी तिथे दिवे नव्हते हो, तेव्हाही सार्वभौम होतं का? म्हणाले, "कायद्याने, होय." माझंच वाक्य मला परत केलं त्यांनी.

गोड बोलून पासपोर्ट परत माग. नाही दिला तर वाद घालू नकोस. माझी पत्रं जाळ, हेसुद्धा जाळ. आणि त्या पुणेवाल्याला, मी पाया पडते, आणखी काही दाखवू नकोस.

तांड्यानं तुला नायक केलं. लखीरामनं पागोटं खाटेवर ठेवलं आणि सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. सुकेशनी उठून निघून गेली.

रंजीता

•

बंदर,
१२ ऑक्टोबर २०२४

रंजू,

तांडेल जहाजाचे कागद घेऊन कचेरीत येते, तवा हे त्याच्या बंडीत सरकवून देईन. तुहं जूनचं पत्र त्यानंच पोचवलं. वाचलं आन् गिळलं, खरंच गिळलं, जाळाले काडीपेटी देत नाहीत.

मुकदमा झाला. सगळं नीट झालं, तुह्या पुस्तकासारखं. वकीलबी देला मले. जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या माह्या सगळ्या नोंदी कोर्टानं मान्य केल्या. त्या पायरीवरच्या बाईचं लेकरू आता कायद्यानं या देशाचं आहे. मले लय बरं वाटलं, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असून हसू आलं. मंग सुटकेच्या शिक्क्यांची गोठ निघाली. माहा वकील म्हणला, साहेब, या अनाडी माणसाले वाटलं, इथं देशच उरला नाही. तवा तो काळा कोट उठला आन् तुहं पत्र वाचलं. आधी मराठीत, मंग त्याइच्या भाषेत. 'राज्य जिवंत आहे, शिक्का त्या राज्याचा. चाचा नाही म्हणतात ते बरोबरच आहे.' म्हणला, याच्या वकील बहिणीनं याले आधीच कळवलं होतं. याले ठाऊक होतं.

तू मनाले लावून घेऊ नको. तू लिहिलेलं सगळं बरोबर निघालं. एकबी शब्द चुकला नाही.

शिक्षा काय ते सांगत नाहीत. कचेरीच्याच मागच्या खोलीत ठेवलं मले. जनरेटर मीच चालवतो, जेवण बरं देतात. मारत नाहीत, रंजू, सुकेशनीले हे नक्की सांग. पण मागच्या हप्त्यापासून लोक आणून राह्यले. बाजूच्या गोदामात ठेवतात. टोळीवाले आहेत, मास्तर आहे एक, आन् माह्या शिक्क्यानं निघालेले इथलेच तिघं, शेजारच्या देशानं धरून परत पाठवलेले. सकाळी आवाज येतात, मंग येत नाहीत.

कालपासून मले काम देलं. शिक्क्याची मूठ ढिली आहे, नवख्याच्या हातून वाकडा पडते, माह्या हातून सरळ. काळा कोट गठ्ठा घेऊन आला. मृत्यूच्या नोंदीचे कागद. मले म्हणला, हे तर जग मानतं ना, तुमच्या बहिणीनंच लिहिलंय. मी पाह्यलं, नावाची जागा कोरी. तारखेची जागा कोरी. म्हटलं, साहेब, यात माणूस कुठं आहे? म्हणला, माणसं आहेत, तुम्ही शिक्का मारा.

काल मारले मी. जिवाले भेलो. आजबी मारून राह्यलो, दारात ते दोघं उभे आहेत. चाचाची टोपी त्याइनं फेकली, आता खुर्चीत मलेच बसवतात.

तांड्याले सांग, पागोटं खाटेवरून काढा, लखीरामले बांधा. मी नायकीले लायक राह्यलो नाही. मी मेलो असा कागद तुह्याजवळ आला, तर तो खरा समज, वाद घालू नको, शिक्का माह्याच हातचा असन. नायक स्वतःच्या गोठीत निकाल देत नाही, म्हणून मी इतके दिस माहा पासपोर्ट तसाच ठेवला होता. माह्या नावाचा कागद मी बाजूले ठेवला असता, रंजू. पण सगळे कोरे आहेत. त्यातला माहा कोणता, ते मले वळखू येत नाही.

बादल